पाठ्यपुस्तकातला सरपंच

मराठीत कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते. क्रमिक पुस्तकांतल्या गद्याची होत नाही. वास्तविक बी. ए.ला राज्यशास्त्र घेणारी बहुतेक मुले राजकारणाविषयी आयुष्यात शिस्तीने जे वाचतात, ते एवढेच. हा विषय वर्षानुवर्षे शिकवल्यानंतर ही पुस्तके आणि त्यांच्यावर बेतलेली गाइडे मी अलीकडे समीक्षकाच्या नजरेने पुन्हा वाचली.

आधी खटकतात ती क्रियापदे. ‘निवड केली जाते’, ‘अधिकार देण्यात आले आहेत’, ‘विकेंद्रीकरण करण्यात आले’. कोणी केले, कोणाचा विरोध मोडून केले, याचा पत्ता नाही. राजकारण हा कर्त्यांचा व्यवहार. त्याचे शास्त्र सांगणाऱ्या वाक्यांत मात्र कर्ताच गैरहजर!

सरपंचाचेच पाहा. पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ साली महाराष्ट्रात तो थेट जनतेतून निवडायचे ठरले. नवे सरकार आल्यावर २०२० मध्ये ती तरतूद रद्द झाली आणि पुन्हा सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये परत आली. राज्यशास्त्राच्या तासाला याहून चांगला विषय कुठला मिळणार? कोणत्या पक्षाला कोणती पद्धत का सोयीची वाटते? सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, असे झाले तर कारभार कसा चालायचा? अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींची जी तुलना मुले दहा मुद्द्यांत पाठ करतात, ती त्यांच्याच चावडीवर घडत होती. माझ्याजवळच्या एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत या सगळ्याची नोंद म्हणून एक वाक्य बदलले आहे. का बदलले, याचे अवाक्षर नाही.

शहरांची तऱ्हा निराळी नाही. ७४व्या घटनादुरुस्तीप्रमाणे महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्याच काळात मुले परीक्षेत ‘दर पाच वर्षांनी निवडणुका होतात’ असे लिहून पूर्ण गुण मिळवत होती.

परिभाषेचा गोंधळ वेगळाच. एक लेखक ‘अधिसत्ता’ म्हणतो, दुसरा ‘प्राधिकार’, तिसरा नुसते ‘अधिकार’. त्यात नागरिकाचे हक्कही ‘अधिकार’च. म्हणजे तहसीलदाराची खुर्ची आणि तिच्यासमोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाची मागणी, दोन्ही एकाच शब्दात! ‘हक्क’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द हाताशी असताना तो का टाकला, हे मला आजवर उमगलेले नाही.

बरे, मराठीला हे जमतच नाही असे म्हणायचीही सोय नाही. नागपूरच्या भा. ल. भोळ्यांनी सिद्धांतासारखा रुक्ष विषय मराठीतच मांडला. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी ‘राज्यशास्त्र कोश’ संपादित केला. उणीव भाषेची नव्हे. परीक्षेला जे गद्य चालते तेच बाजारात खपते आणि परीक्षेला काय चालावे, हे आम्ही ठरवतो.

हे ‘आम्ही’ मोघम नाही. काही वर्षांपूर्वी ‘ग्रामपंचायतीची रचना व कार्ये’ या प्रश्नाचे एक उत्तर माझ्यापुढे आले. गाव राखीव झाल्याने बाई सरपंच झाल्या, पण खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात. ग्रामसभेला माणसे जमत नाहीत म्हणून शिपाई घरोघर वही फिरवून सह्या घेतो. आणि मागच्या खेपेला बाईंनी ती वही शिपायाकडून काढून घेतली व स्वतः सभा भरवली. अडीच पाने, अशुद्ध लेखन, एकही व्याख्या नाही. नमुना उत्तरातल्या सहा मुद्द्यांपैकी दोन जेमतेम सापडले. मी पंधरापैकी चार गुण दिले आणि पुढचा गठ्ठा ओढला.

त्या सभेत पुढे काय झाले, हे त्या मुलाने की मुलीने लिहिले होते. शेवटचे पान मी तेव्हा नीट वाचले नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नव्हते, सांकेतिक क्रमांक होता. त्यामुळे विचारायलाही जागा नाही.