कोलामी शब्द आणि वेळूचें काम

एम. बी. एमेनो यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं, १९५० सालीं, सेतुमाधवराव पगडी यांचें कोलामी व्याकरण निघालें होतें. स्वतंत्र लिपि नसलेल्या या द्राविड भाषेस दोघांच्या श्रमानें व्यवस्थित लेखी आधार मिळाला, याबद्दल अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत. तथापि एमेनोंची सामग्री मुख्यतः वर्धा बाजूची होय. घाटंजी तालुक्यांतील पोडांवर टोपल्या व सुपें विणणारा कोलाम आपल्या कामट्यांस काय म्हणतो, हें तीवरून गृहीत धरणें सयुक्तिक नव्हे.

भाषाग्रंथांत कारागिरीची चिकित्सा शोधणें अन्यायाचें होईल. उणीव आहे ती आम्हां संग्राहकांच्या पद्धतींत. पोथीचा कागद, शाई व लेखक आम्ही कसोशीनें नोंदतों. टोपलीखालीं मात्र केवळ गांवाचें नांव लिहितों. वेळूकाम कोलामही करतात आणि बुरूडही. नुसत्या गांवावरून कर्ता ठरत नाहीं. बाहेरील सालीची कामटी चिवट, आंतील गाभ्याची कमजोर. कोणती कोठें योजिली, हाच त्या वस्तूचा पाठ होय.

वेळूस कीड लागते. जुन्या पोथीइतकी ही वस्तु टिकत नाहीं. म्हणून वस्तूचें कोलामी नांव, कर्ता, वेळूचा भाग व उपयोग हें प्रमाण विणणाऱ्या हातापासूनच घेतलें पाहिजे. प्लास्टिकचें टोपलें घरांत आलें कीं जुना आकार जातो. मग शब्द कोशांत सांपडला, तरी त्याचा अर्थ दाखविण्यास वस्तु उरणार नाहीं.