चाळीस वर्षांच्या माणसाचा पालक

मंडळी, विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात एका शब्दापासून करू. 'पालक'. शाळेची पालकसभा असते तेव्हा आपण आईबापांना पालक म्हणतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या चाळीस वर्षांच्या माणसाच्या वतीने जो सही करतो, त्यालाही पालकच म्हणतो. इंग्रजीत या दोन नात्यांना दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. त्यामुळे 'पालकत्वाचा दाखला' म्हटलं की त्या माणसाचं वयच गळून पडतं. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाबरोबर 'अ.पा.क.' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस अठरा वर्षांचा झाला की अर्ज करून ती नोंद काढता येते. आपण ज्यांच्याविषयी बोलतोय त्यांच्या नावापुढचा न दिसणारा अ.पा.क. मात्र मरेपर्यंत निघत नाही. आमची टीका आहे ती त्यावर.

हा शब्द कुठवर जाऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुली-बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण दिलं गेलं ते मासिक पाळीच्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. चर्चा तेव्हा बरीच झाली, पण ती मुख्यतः शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य यावर. त्या मुलींना कुणी काही समजावून सांगितलं होतं का, हा प्रश्न मागेच राहिला. संस्था त्यांचा सांभाळ करत होती ना, मग संस्थेनं ठरवलं. सांभाळणारा तो ठरवणारा, हे समीकरण इतकं अंगवळणी पडलंय की ते समीकरण आहे हेसुद्धा आपल्याला दिसत नाही.

कायदा तिथून पुढे आला, हे मान्यच करायला हवं. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या बाराव्या कलमाचा गाभा असा, की कायद्यापुढे प्रत्येक प्रौढ माणूस निर्णय घेणारा आहे. त्याला मदत लागत असेल तर ती द्या, निर्णय काढून घेऊ नका. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यातूनच आला. संमतीशिवाय वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करायचा नाही, असं त्याचं दहावं कलम सांगतं. शिरूरला ते उत्तरच म्हणा ना! पण त्याच कायद्याचं ब्याण्णवावं कलम वाचा. स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात केला तर शिक्षा आहे, आणि लगेच अपवाद: अपंगत्व तीव्र असेल, तर डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती पुरेशी. पुढच्या दाराने घालवलेला पालक मागच्या दाराने पुन्हा घरात.

चौदाव्या कलमातही तेच. तिथे 'मर्यादित पालकत्व' आहे आणि त्याची व्याख्या खरोखर सुंदर आहे: दोघांनी परस्परांच्या विश्वासावर मिळून घेतलेला निर्णय, ठरावीक काळापुरता, ठरावीक कामापुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. पण लगेच खाली 'संपूर्ण आधार' देण्याची सोय ठेवली आहे. ती कुणासाठी, याचं माप नीट दिलेलं नाही. आम्हाला भीती ही, की घाई असलेला माणूस खालचीच ओळ वाचेल.

याच कलमात एक ओळ आहे जी फारशी कुणी सांगत नाही. इतर कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालकसुद्धा आता मर्यादित पालकच समजायचा. म्हणजे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीने दिलेला दाखला तुमच्या कपाटात असला, तरी तो सर्वाधिकार देत नाही. अर्ज तपासताना पालकाची गरज आहे का आणि कशासाठी, हे त्या समितीनेही पाहायचं असतं.

आता इथलंच, तुडीलचं बघू. समजा दोन भाऊ मुंबईला किंवा आखातात आहेत आणि तिसरा, बौद्धिक अपंगत्व असलेला, घरी आईजवळ. जमिनीची वाटणी निघते, हक्कसोडपत्र तयार होतं. "त्याला काय कळतंय, अंगठा घे" असं कुणी म्हणालं तर त्यात दुष्टपणा असेलच असं नाही, आपल्याकडची ती रीतच आहे. पण कायदा म्हणतो, व्यवहारात हितसंबंधांचा संघर्ष असेल तर त्या आधार देणाऱ्याने बाजूला व्हायचं. ज्या भावाला तो हिस्सा मिळणार आहे, त्यानेच त्याला कागद समजावून सांगायचा नाही. मामा सांगेल, शाळेतल्या जुन्या बाई सांगतील, ज्याच्याशी त्याचं पटतं असा कुणीही. आणि सांगायचं ते बांधावर नेऊन: हे आंब्याचं झाड आज तुझंही आहे, सही केलीस की राहणार नाही. एका वेळी एकच गोष्ट. चार दिवसांनी पुन्हा विचारायचं. उत्तर बदललं तर थांबायचं.

मुखत्यारपत्र करून टाकू, असा सल्ला अनेकदा मिळतो. मुखत्यार हा शब्द पालकापेक्षा आम्हाला आवडतो, कारण त्यात अधिकार देणाऱ्याचाच राहतो. पण देणारा 'सुबुद्ध' नाही असं ठरलं की करार कायद्यानुसार मुखत्याराचा अधिकारच संपतो. जिथे गरज, नेमकी तिथेच ही काठी मोडते.

आईबापांचा प्रश्न आम्ही टाळत नाही. "आमच्या मागं कोण?" हा प्रश्न खरा आहे आणि आमच्या टीकेने तो सुटत नाही. अलिबागला खेपा घालून दाखला आणणारी आई सत्तेसाठी जात नाही. खात्यातले निराधार योजनेचे पैसे अडू नयेत म्हणून जाते. बँकेला कागद लागतो. पण 'मागं कोण' याचं उत्तर एकच नाव असेल तर ते नाव गेल्यावर काय? तीन-चार माणसं असावीत: बँकेसाठी एक, दवाखान्यासाठी दुसरं, जमिनीसाठी ज्याला हिस्सा नाही असं तिसरं. कोण नको हे सांगण्याचा हक्कही त्याचाच, कारण आधाराची व्यवस्था बदलायची किंवा मोडायची मुभा कायदा त्यालाच देतो.

तेव्हा अर्ज लिहाल तेव्हा त्यात कोणता निर्णय आणि किती काळासाठी हे घाला. तो स्वतः काय म्हणाला, हे त्याच्याच शब्दांत लिहा. बोलत नसेल तर हो-नाही कसं दाखवतो तेही लिहा; आईला ते माहीत असतं, कागदावर कधी आलेलं नसतं.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा. ज्यांच्याविषयी आम्ही इतका वेळ बोललो त्यांच्यापैकी कुणाला विचारायचं असेल तर आधी त्यांना माइक द्या.