अहिल्याबाईंचा वाडा आणि पाहुण्यांच्या खोल्या

महेश्वरला जाऊन आलेल्या आपल्या बायका नर्मदेचा घाट सांगतात, साड्या उलगडून दाखवतात. वाड्याचं विचारलं की म्हणतात, "हो, पाहिला. साधाच आहे." साधा आहे, खरंय. पण बायांनो, तो साधेपणा नीट पाहायला हवा. आज त्याच वाड्यात हॉटेल आहे, आणि जुन्या घराचं हॉटेल होताना काय राहिलं नि काय गेलं, हा प्रश्न किरनापूरच्या घरांनाही लागू आहे.

1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, 1766 साली सासरे मल्हारराव, 1767 साली मुलगा मालेराव. मग अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला नि महेश्वरला राजधानी केली. इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. महेश्वरचा वाडा मात्र एखाद्या सधन कुळाच्या घरासारखा. मधे चौक, भोवती लाकडी खांबांचे सोपे, वर उतरतं छप्पर. बाई गादीवर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत, ती गादी याच घरात. दरबार नि घर यांत फार अंतर नव्हतं.

अशा मराठी वाड्यात भार लाकूड पेलतं. दगडी तळखड्यावर खांब, म्हणजे जमिनीची ओल नि वाळवी लाकडाला लागत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती खणांचं, हे सांगितलं की घर कळायचं. मधल्या भिंती नुसत्या जागा भरतात. त्यामुळे सांगाड्याला धक्का न लावता भिंत हलवता येते. वाड्याचं हॉटेल करणं सोपं जातं ते याचमुळे. अवघड असते ती न्हाणी. आपल्या जुन्या घरांत ती मागच्या बाजूला, लाकडापासून लांब असे. पाहुण्याला ती झोपायच्या खोलीला लागूनच हवी. पाणी असं लाकडाजवळ आलं की घराची काळजी दुप्पट होते.

होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर यांनी 2000 साली इथे हॉटेल सुरू केलं. माझ्या मते त्यातला सर्वांत शहाणा निर्णय असा, की गादी नि देवघराचा भाग लोकांसाठी खुला राहिला. जिथे लोकांचा हक्क होता, तिथे तो आजही आहे. लिंगार्चनाची पूजाही तिथे चालते. माणसांचा वावर असला की गळकं कौल वेळेवर दिसतं, वाळवी लवकर सापडते. पुण्याच्या शनिवारवाड्यातल्या इमारती 1828 च्या आगीत गेल्या, त्यांचं दगडी जोतं तेवढं उरलं. इंदूरच्या राजवाड्यालाही 1984 मध्ये आग लागली. लाकडाचं घर रोजची निगराणी मागतं, आणि तिचा खर्च पाहुण्यांच्या भाड्यातून निघत असेल तर त्याला नाक मुरडू नये.

तरी एक खंत उरतेच. वाड्याची ओळख सांगताना राणीची गादी येते, देव येतात. माजघर नि स्वयंपाकघर क्वचितच येतं. घर चालवणाऱ्या बायांचे खण कोणते, धान्य कुठे निवडलं जाई, बाळंतीण कुठे निजे, हे कोणी सांगत नाही. तिथे रात्र काढणं आपल्यातल्या बहुतेकींच्या ऐपतीबाहेरचं आहे, म्हणजे आतल्या खोल्या पाहणारेही ठरावीकच. बायांच्या कामाची जिती खूण किल्ल्याच्या आवारातल्या रेवा सोसायटीच्या मागांवर दिसते, हे मात्र कौतुकाचं.

आता आपल्याकडे या. बालाघाट म्हणजे सागवानाचा मुलूख. मालगुजारी गेली, वाटण्या झाल्या, वाडे रिकामे पडले. वाडा मोडायला निघाला की आधी खांब नि चौकटी विकल्या जातात, कारण त्यांनाच भाव असतो. आपल्या प्रत्येक वाड्याचं हॉटेल होणार नाही, व्हायलाही नको. पण व्याख्यानाला, शिवणवर्गाला, पर्युषणात एकत्र बसायला जागा आपण शोधतच असतो. चार खणांची ओसरी त्याला पुरते. विकायच्या आधी घरातल्या पुरुषांना एवढं विचारा: छप्पर शाकारायला किती लागेल? बहुतेक घरांत हा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो.