गळ्याची गोडी आणि स्वराचा प्रत्यय

म्हैसूर हे परंपरेने कर्नाटक संगीताचे नगर. वीणा शेषण्णा आणि वासुदेवाचार्य यांच्या या नगरीत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगीत आणि प्रयोगकलांचे जे विद्यापीठ उभे राहिले, त्याला नाव मात्र एका हिंदुस्थानी गायिकेचे देण्यात आले : गंगूबाई हनगल. ज्या आवाजाला रूढ अर्थाने कोणी गोड म्हटले नसते, स्त्रीचा आवाज म्हणून तो प्रथमदर्शनी ओळखलाही नसता, त्या आवाजाचा हा गौरव आहे. गाणारा आवाज श्रोत्याला का भिडतो आणि का नकोसा होतो, या प्रश्नाचा विचार करण्यास याहून चांगला आरंभबिंदू सापडणे कठीण.

या नावामागे एक इतिहासही आहे. वडियार राजांच्या दरबारात उत्तरेकडील गवयांना मोठा मान होता. आग्रा घराण्याचे नत्थनखाँ तेथे दरबारगायक होते. त्याच घराण्याच्या फैयाजखाँना ‘आफताब-ए-मौसिकी’ हा किताब म्हैसूरनेच दिला. अब्दुल करीमखाँ (1872–1937) यांनाही या दरबाराचे निमंत्रण असे आणि जाता-येता त्यांचा मुक्काम धारवाड-हुबळीच्या परिसरात पडे. त्या संबंधातूनच कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य झाले आणि सवाई गंधर्वांकडे गंगूबाई शिकल्या. फैयाजखाँचा आवाज भरदार, खर्जाकडे झुकणारा, पुरुषी. अब्दुल करीमखाँचा बारीक, उंच, रेशमाच्या धाग्यासारखा. एकाच दरबाराने या दोहोंचा सन्मान केला. आवाजाचा एकच आदर्श त्या श्रोत्यांनी मानलेला नव्हता, एवढे तरी यावरून म्हणता येते.

आपल्या शास्त्रानेही तो मानलेला नाही. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत लिहिल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त शार्ङ्गदेवाने आवाजाचे पंधरा गुण आणि आठ दोष सांगितले आहेत. त्या पंधरा गुणांत ‘मधुर’ हा केवळ एक आहे. त्याच्या बरोबरीने गाढ, घन, स्निग्ध, करुण आणि तिन्ही स्थानांत सारखा राहणारा त्रिस्थानक असे गुण येतात. तर रूक्ष, निःसार, कृश, भग्न, कावळ्यासारखा कर्कश हे दोष म्हणून गणले जातात. याहून महत्त्वाची त्याची ‘शारीर’ ही संकल्पना. अभ्यासावाचूनही राग प्रकट करण्याचे जे सामर्थ्य देहाबरोबर जन्माला येते, ते शारीर. म्हणजे आवाजाची अंतिम कसोटी कानाला होणारे सुख ही नसून, त्यातून राग प्रकट होतो की नाही ही आहे. मराठी संगीतसमीक्षेने ‘गोड गळा’ हा शब्दप्रयोग इतका सैलपणे वापरला की ही कसोटी हळूहळू विस्मरणात गेली.

गंगूबाईंचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे मूळ नाव गांधारी. तरुणपणी मुंबईत त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, जी. एन. जोशी यांच्याबरोबर त्यांनी मराठी भावगीतेही गायिली. त्या मुद्रिकांतला आवाज बारीक, चपळ आणि उंच आहे. त्या काळच्या स्त्रीगायनाच्या अपेक्षेत चपखल बसणारा. पुढे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर तो उतरला, जाड झाला, जवळजवळ पुरुषी झाला. त्यांच्याच किराणा परंपरेतील हिराबाई बडोदेकरांचा आवाज शेवटपर्यंत कोमल आणि मधुर राहिला. या दोघी समकालीन आणि एकमेकींच्या स्नेही. हिराबाईंचे गाणे ऐकून मन निवते. गंगूबाईंचे ऐकताना ते सावध होते. त्यांचा षड्ज लागतो तेव्हा त्यात आर्जव नसते. तो फक्त लागतो आणि लागल्यावर हलत नाही. नव्या आवाजातून जुनी नजाकत ओढून काढण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. विलंबित बढत, स्वरांचे ठाम उच्चारण, आलापातील संयम ही त्या आवाजाला मानवणारी अंगे त्यांनी वाढवली.

अर्थात काहींना तो आवाज रुचला नाही, आणि त्या अरुचीचाही विचार व्हायला हवा. आवाज नावडण्याची कारणे दोन जातींची असतात. पहिली सांगीतिक : स्वर कणसूर लागणे, दमसास तोकडा पडणे, टिपेला जाताना गळा आवळला जाणे. अशा वेळी ऐकणाऱ्याचाही घसा नकळत ताठरतो. गाणाऱ्याचा ताण त्याच्या देहात उतरतो. दुसरी जात सामाजिक आहे. बाईचा आवाज असा, पुरुषाचा तसा, भक्ताचा आर्त, प्रेयसीचा नाजूक, ही अपेक्षा श्रोता घरूनच घेऊन येतो. चित्रपटसंगीतात उंच पट्टीतील तलम स्त्रीस्वराचे प्राबल्य झाल्यापासून ही अपेक्षा अधिकच घट्ट झाली. गंगूबाईंचा आवाज ज्यांना खटकला, त्यांतील अनेकांना स्वर नव्हे, संकेत मोडलेला खटकला. या दोन अरुचींत फरक न करणारी समीक्षा स्वतःच्या सवयीलाच सौंदर्यशास्त्र समजू लागते.

मिरजेच्या तंबोऱ्याचा दाखला येथे घेण्यासारखा आहे. तार नुसती छेडली तर तिचा नाद स्वच्छ पण कोरडा असतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलावून त्यावर तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकवला की ‘जवारी’ लागते : तार घोडीला हलकेच घासत राहते, त्यातून वरच्या सप्तकांचे उपस्वर उमलतात आणि नाद भरून येतो. घर्षण काढून टाकले तर नाद मरतो. जास्त झाले तर तो चिरका होतो. गायकाच्या आवाजालाही आपण ‘जवारीदार’ म्हणतो ते यामुळेच. आवाजातील खर ही मुळात दोषही नाही आणि गुणही नाही. तो स्वराच्या कामी येतो की नाही, यावर सारे ठरते.

आपल्या संगीताच्या इतिहासात याची साक्ष वारंवार मिळते. अल्लादियाखाँचा (1855–1946) आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने बसला आणि पूर्ववत झाला नाही. उरलेल्या आवाजाला शोभेल अशी वक्र, पेचदार, लयीला बिलगून चालणारी गायकी त्यांनी घडवली आणि तिचेच घराणे झाले. कुमार गंधर्वांना क्षयामुळे वर्षानुवर्षे गाणे थांबवावे लागले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफिलीत आले तेव्हा लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोट्या, अणकुचीदार स्वरवाक्यांची भाषा त्यांच्याजवळ होती. केवळ फुप्फुसाच्या दुखण्यातून ती भाषा जन्मली असे म्हणणे त्यांच्या प्रतिभेवर अन्याय करणारे ठरेल. दुखणे अनेकांना होते; त्यातून गायकी निर्माण होत नाही. परंतु मर्यादा न लपवता तिच्यातून वाट काढल्याने ते गाणे खरे वाटते, हे मान्य करावे लागते.

याची उलट बाजू अनुकरणात दिसते. अब्दुल करीमखाँच्या झिंझोटीतील ठुमरीची मुद्रिका आजही ऐकणाऱ्याला विद्ध करते. पण तो बारीक आवाज आपल्या गळ्यातून मुद्दाम काढू पाहणाऱ्यांचे गाणे काही क्षणांतच नकोसे होते. कुमारांचे तुटक उद्गार किंवा भीमसेन जोशींचे आवेशपूर्ण झोकून देणे यांचीही नक्कल अशीच उघडी पडते. मूळ गायकात ती गोष्ट गरजेतून आलेली असते, नक्कलकारात ती अलंकार म्हणून येते. सुरेल असूनही असे गाणे श्रोत्याला दूर लोटते, याचे कारण त्यातला आवाज स्वराकडे बोट दाखवत नाही, स्वतःकडे दाखवतो. अतिगोड गळ्याचेही तेच होते. आपल्या माधुर्याची जाणीव असलेला गायक प्रत्येक स्वरावर थोडा थांबून दाद मागतो, आणि दाद मिळते तिथेच राग सुटतो.

भिडणारा आवाज म्हणजे निर्दोष आवाज नव्हे आणि सदोष आवाज तर नव्हेच. जखमेचे स्तोम माजवणे हाही एक सांकेतिकपणाच आहे. आपल्याला मिळालेल्या गळ्याशी गायकाने प्रामाणिक करार केला आहे आणि तो स्वरासाठी केला आहे, असा प्रत्यय जेथे येतो, तेथे श्रोता आवाज विसरतो व राग ऐकू लागतो. संगीताच्या विद्यार्थ्याने गंगूबाईंच्या तरुणपणीच्या मुद्रिका आणि उत्तरवयातील मैफिलींची मुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. पहिल्यांत एक सुंदर गळा भेटतो. दुसऱ्यांत गळ्याची चर्चा करण्याचे भान राहत नाही.