बीजगणिताची शालान्त परीक्षा आणि रिकाम्या चौकटी

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत बीजगणिताचा समावेश ‘गणित भाग १’ या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत होतो. २०१८ साली नवे पाठ्यपुस्तक आले आणि २०१९ पासून परीक्षाही त्यास अनुसरून होऊ लागली. या प्रश्नपत्रिकेतील ‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नप्रकाराचा आणि त्यामुळे पूर्वतयारीस लागलेल्या वळणाचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रकारात उदाहरण सोडविण्याच्या सर्व पायऱ्या छापलेल्या असतात. मधूनमधून सोडलेल्या चौकटी विद्यार्थ्याने भरावयाच्या असतात. दोन गुणांच्या दोन व तीन गुणांची एक अशा कृती धरल्या, तर ४० पैकी ७ गुण येथे आहेत. ३क्ष + २य = १६ आणि ४क्ष + ५य = २६ ही समीकरणे क्रेमरच्या पद्धतीने सोडविताना निश्चयकाची मांडणी आयती दिली, तर उरते ते १५ वजा ८ एवढेच. ही वजाबाकी झाली, बीजगणित नव्हे.

या योजनेच्या बाजूनेही बोलता येते. गणितास भिणाऱ्या विद्यार्थ्यास पहिली पायरीच सुचत नाही; चौकट त्यास धीर देते. शिवाय तपासणीत एकवाक्यता राहते. हे दोन्ही लाभ खरे आहेत. परंतु ज्या पायरीवर विद्यार्थी अडतो, नेमकी तीच छापून दिली, तर त्याची अडचण झाकली जाते, दूर होत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातील भुंग्यांचे उदाहरण याचा उत्तम पडताळा देते. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले. एकूण थव्याचे आठ नवमांशही गेले. उरली एक जोडी. एकूण भुंगे किती? संख्या क्ष मानल्यास वर्गमूळ घालविण्यासाठी वर्ग करावा लागतो आणि शेवटी २क्ष² − १५३क्ष + ६४८ = ० हे अवजड समीकरण हाती येते. भास्कराचार्य मात्र संख्याच अव्यक्ताच्या वर्गाची दुप्पट, म्हणजे २क्ष², मानतात. निम्म्याचे वर्गमूळ तेव्हा सरळ क्ष होते, समीकरण २क्ष² − ९क्ष − १८ = ० इतके सुटसुटीत होते आणि क्ष = ६ वरून भुंगे ७२ येतात. दुसरे मूळ ऋण असल्यामुळे ते का टाकावयाचे, हाही विचार करावा लागतो. या उदाहरणाची बुद्धी ‘समजा, संख्या २क्ष² आहे’ या एका ओळीत आहे. कृतीच्या साच्यात हीच ओळ आधी छापली जाईल आणि विद्यार्थ्याकडे ‘९’ व ‘१८’ भरण्याचे काम येईल. पहिला, लांबचा पण निर्दोष मार्ग धरणाऱ्यास तर त्या चौकटींत जागाच नाही.

केवळ ७ गुणांसाठी एवढा ऊहापोह कशास, असे कोणी विचारील. उत्तर असे की, परीक्षेचा साचा वर्गात शिरतो. अपेक्षित प्रश्नसंच चौकटींनी भरू लागले की सरावही चौकटींचाच होतो. मग शाब्दिक उदाहरण समोर येताच चौकटींची सवय झालेला विद्यार्थी ‘समजा’ या शब्दापाशीच थांबतो. अव्यक्त कोणते मानावे हा निर्णय त्याने कधी घेतलेलाच नसतो. पुढे पदार्थविज्ञान वा अर्थशास्त्र शिकताना त्यास हाच निर्णय पदोपदी घ्यावा लागणार आहे, आणि तेथे कोणी चौकटी आखून देत नाही.

चौकटी सर्वथा टाकाव्यात असे मात्र प्रतिपादन नाही. अध्यापनात त्यांचे स्थान आहे. नववीत त्या अधिक असाव्यात, दहावीत क्रमाने कमी व्हाव्यात. परीक्षेत कृतीच्या ३ गुणांच्या जागी उलट प्रकारचा प्रश्न ठेवून पाहावा: शाब्दिक उदाहरण द्यावे, अव्यक्त निवडून समीकरण मांडण्यास सांगावे, निवडीचे कारण एका वाक्यात विचारावे आणि उत्तर काढण्यास सांगूच नये. याची तपासणी काहीशी कठीण जाईल, हे मान्य आहे. पण परीक्षकाची सोय आणि विद्यार्थ्याचा विचार यांत निवड करावयाची झाल्यास बीजगणिताच्या अध्यापकाने कोणती बाजू घ्यावी, हा प्रश्न तरी अव्यक्त राहू नये.