‘नमस्ते’ची लांबी : पायथनच्या स्थित्यंतरातील सत्ता आणि संमती

पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘नमस्ते’ हा शब्द साध्या अवतरणचिन्हांत लिहून त्याची लांबी विचारली, की यूटीएफ-८ पद्धतीत उत्तर १८ येत असे. तिसऱ्या आवृत्तीत ६ येते. आपण मोजली तर अक्षरे तीनच. अठरा हे बाइट, म्हणजे यंत्राच्या साठवणीची घरे. सहा ही युनिकोडची चिन्हे : न, म, स, त्याचा पाय मोडणारे चिन्ह, त आणि मात्रा. अठराचे सहा व्हावेत, म्हणजे भाषेने मजकुराला मजकूर म्हणून ओळखावे, यासाठी चालू स्थितीतले कोट्यवधी ओळींचे लेखन मोडून पुन्हा लिहावे लागले. तसा हुकूम कोणी दिला, कोणत्या अधिकाराने दिला, आणि ज्यांनी तो पाळला त्यांना नाही म्हणण्याची सोय होती का, हे या लेखाचे प्रश्न आहेत.

मी संगणकशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. जुन्या मराठी नियतकालिकांच्या सूची करता करता गरजेपोटी पायथन शिकलो आणि त्या भाषेपेक्षा तिच्या कारभाराच्या कागदपत्रांत अधिक रमलो. या कागदपत्रांना ‘पेप’ म्हणतात. पायथनच्या सुधारणेचा प्रस्ताव असा त्याचा अर्थ. प्रत्येकाला क्रमांक असतो, लेखकाचे नाव असते, बदलाची कारणे असतात आणि फेटाळलेले पर्यायही पुष्कळदा नोंदलेले असतात. आपल्याकडच्या कोणत्याही साहित्यसंस्थेने आपल्या निर्णयांचा असा लेखी माग ठेवला असता, तर संशोधकांची एक पिढी त्यावर जगली असती. पायथनच्या या स्थित्यंतराविषयी लिहिणारे बहुधा एकाच मुद्द्यावर भांडतात : बदल योग्य होता की घोडचूक? मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. पेप हे गद्य म्हणून वाचले की त्यातून सत्तेची घडण दिसते, आणि ती अधिक बोलकी आहे.

आधी पार्श्वभूमी. डच प्रोग्रॅमर खिदो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात अ‍ॅमस्टरडॅम येथे पायथन लिहायला घेतली. १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. कोड सर्वांना खुला. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. अंतिम शब्द मात्र खिदोंचा. त्यांना ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ असा किताब मिळाला होता. किताब गमतीचा, पण अधिकार खराच होता.

या अधिकाराचा सर्वांत मोठा वापर म्हणजे तिसरी आवृत्ती. २००६ मध्ये खिदोंनी पेप ३००० लिहिला. दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला प्रोग्रॅम तिसरीत जसाच्या तसा चालेल असे बंधन नाही, हे त्यात स्वच्छ सांगितलेले होते. ३ डिसेंबर २००८ रोजी ३.० बाहेर पडली. साहित्याच्या वाचकाला या वाक्याचे वजन सहजी जाणवणार नाही. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले म्हणून त्याआधीची पुस्तके वाचता येईनाशी झाली नाहीत. वाचक उदार असतो, जुना अनुस्वार चालवून घेतो. यंत्र चालवून घेत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रिंट’ या आज्ञेनंतर कंस लागत नसे. तिसरीत कंस नसेल तर प्रोग्रॅम पहिल्याच पावलाला अडतो. याहून वाईट ती मूक स्थित्यंतरे. साताला दोनाने भागले तर पूर्वी ३ येत, आता ३.५ येतात. इथे यंत्र ओरडत नाही, तक्रार करत नाही. हिशेब निमूट बदलतो.

खरा गाभा होता तो मजकुराचा. दुसऱ्या आवृत्तीतही युनिकोड मजकूर होता, पण तो मागून लावलेल्या पडवीसारखा. शब्दाआधी ‘यू’ हे रोमन अक्षर जोडले तर तो मजकूर, नाही तर नुसते बाइट. दोन्ही एकत्र आले की यंत्र बाइट इंग्रजीच आहेत असे गृहीत धरून पुढे जाई. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम वर्षानुवर्षे बिनबोभाट चाले आणि पहिले देवनागरी नाव आत शिरले की कोसळे. चूक लिहिणाऱ्याची, खापर नावावर. तिसऱ्या आवृत्तीने हे नाते उलटे केले : साधे अवतरणचिन्ह म्हणजे मजकूर, आणि बाइट हवे असतील तर ते वेगळे सांगा.

आता पेप ३००० चे गद्य पाहा. संक्रमणाची शिफारस त्यात पायरीपायरीने दिली आहे. आपला प्रोग्रॅम दुसऱ्या आवृत्तीतच सांभाळा, रूपांतर करणारे साधन चालवून त्यातून तिसऱ्या आवृत्तीची प्रत काढा आणि त्या प्रतीला हाताने स्पर्श करू नका. हे वाचताना मला सर्क्युलर काढणारा सचिव आठवतो : योजना कागदावर निर्दोष, आणि ती राबवणाऱ्याचा दिवस कसा जातो याची तिला गंधवार्ता नाही. व्यवहारात लोकांनी वेगळीच वाट काढली. दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा एकच मजकूर ते लिहू लागले. त्यासाठी ‘सिक्स’ नावाची एक छोटी लायब्ररी निघाली. दोन गुणिले तीन सहा, म्हणून सिक्स. राज्यकर्त्यांनी न आखलेल्या या पायवाटेला पुढे राज्यकर्त्यांनाच फरशी घालावी लागली. २०१२ च्या ३.३ मध्ये, तिसरीत काहीही अर्थ न उरलेला तो ‘यू’ उपसर्ग पुन्हा चालेल असे ठरले. तो प्रस्ताव, पेप ४१४, आर्मिन रोनाखर यांचा. हे गृहस्थ तिसऱ्या आवृत्तीचे जाहीर टीकाकार. टीकाकाराच्या हातचा मसुदा राजाने मंजूर करावा, ही या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी घटना. २०१५ मध्ये बाइटांच्या बाबतीतलीही एक काढून घेतलेली सोय परत देण्यात आली.

माघारी अशा छोट्या होत्या. मोठा नकार कायम राहिला. मुक्त भाषेच्या धन्याच्या हातात लष्कर नसते आणि पगारही नसतो. ‘वापरा’ असे तो कोणाला सांगू शकत नाही. ‘आम्ही आता हे करणार नाही’ एवढेच सांगू शकतो. २०११ चा पेप ४०४ हे अशा नकाराचे शुद्ध उदाहरण. बॅरी वॉर्सॉ यांनी लिहिलेला हा प्रस्ताव २.८ या आवृत्तीचे वेळापत्रक आहे, आणि वेळापत्रकातली तारीख आहे ‘कधीच नाही’. क्रमांकही विनोदाने निवडलेला. ४०४ म्हणजे इंटरनेटवर न सापडलेल्या पानाचा क्रमांक. पेप विनोदी आहे, पण ज्याच्या कार्यालयात दुसऱ्या आवृत्तीतले लाखभर ओळींचे काम पडून आहे, त्याला तो वाचून हसू येणार नाही. थट्टेच्या सुरात दिलेला हुकूम हाही हुकूमच असतो, आणि त्याच्याशी वाद घालणे अधिक अवघड असते.

दुसरे हत्यार नावाचे. कोड खुला असल्यामुळे २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने दुसऱ्या आवृत्तीत तिसरीच्या काही सोयी घालून ‘पायथन २.८’ काढली. हे करायला परवान्याची आडकाठी नव्हती. ‘पायथन’ हे नाव मात्र पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचा ट्रेडमार्क आहे. नाव बदलावे लागले आणि ते अपत्य ‘टॉथॉन’ म्हणून जगले. घर कोणीही बांधावे, पाटी आमची लावायची नाही. मुक्त स्रोताच्या चळवळीत स्वातंत्र्याविषयी उदंड लिहिले जाते. सत्ता पाटीत असते याविषयी फार कमी.

तिसरे हत्यार तारखेचे, आणि ते बोथट निघाले. २.७ चा सांभाळ २०१५ पर्यंत करायचा बेत होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. १ जानेवारी २०२० ला ती खरोखर संपली आणि शेवटची २.७.१८ एप्रिलात निघाली. मधल्या काळात तराजू फिरला तो हुकमाने नव्हे. जॅंगोसारख्या प्रकल्पांनी २०१७ च्या अखेरीस आपली नवी आवृत्ती फक्त तिसऱ्या पायथनसाठी काढली, तेव्हा खालचे लोक हलले. म्हणजे राजाची आज्ञा सरदारांनी उचलली तेव्हाच ती रयतेपर्यंत पोचली. रयतेने किंमत मोजली ती वेळेत : कोणाचे शनिवार-रविवार, कोणाच्या संस्थेचे तुटपुंजे अनुदान.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे सारे लोकशाहीने ठरवायला हवे होते. मला ते पटत नाही, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच. २००८ मध्ये पायथन वापरणाऱ्यांचे मत घेतले असते, तर ‘नमस्ते’ची लांबी १८ च राहिली असती असे मला वाटते. ज्यांचे काम इंग्रजीत बिनबोभाट चालले होते, त्यांना ते मोडायचे काही कारण नव्हते. आणि ज्यांना मजकूर मजकूर म्हणून हवा होता त्यातले पुष्कळसे अजून त्या भाषेपर्यंत पोचलेच नव्हते. जो अजून आलेला नाही त्याला मत नसते. देवनागरीला पायथनमध्ये हक्काची ओसरी मिळाली ती एका हुकूमशहाच्या हट्टामुळे. तिचा खर्च ज्यांनी उचलला त्यांनाही विचारलेले नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी माफ होत नाही.

इतरांनी काय केले ते थोडक्यात. पीएचपी या भाषेने सहाव्या आवृत्तीत युनिकोड मुळापासून घालायचे ठरवले आणि २०१० मध्ये तो नाद सोडला. सहा हा आकडाच गाळून २०१५ मध्ये सातवी आली. पर्लची सहावी आवृत्ती २००० मध्ये जाहीर झाली, २०१५ च्या नाताळात निघाली आणि २०१९ मध्ये ‘राकू’ हे नाव घेऊन वेगळी राहू लागली. मोडण्याचे धैर्य आणि मोडल्यावर घर एक ठेवण्याची चिकाटी एकत्र सापडणे दुर्मिळ.

खिदोंची सत्ता गेली ती मात्र यावरून नाही. २०१८ मध्ये पेप ५७२ वरून, एका छोट्या नव्या चिन्हावरून, कडवट वाद झाला. प्रस्ताव मंजूर झाला आणि १२ जुलैला खिदोंनी पद सोडले. वारस नेमला नाही. पुढे लोकशाही करा, अराजक करा, काय ते तुम्हीच ठरवा, असा त्या पत्राचा सूर होता. भाषेचा पाया उखडणारा निर्णय पचवणारा माणूस दोन टिंबे आणि बरोबरच्या चिन्हाने खचावा, हे वरवर विचित्र आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. पहिल्या वेळी त्यांच्यापाशी सांगण्याजोगे कारण होते, दुसऱ्या वेळी केवळ रुची होती. आणि रुचीच्या बळावर हुकूम फार दिवस चालत नाहीत.

मग कारभाराचे सात आराखडे आले आणि डिसेंबरात कोअर डेव्हलपरांनी मतदान केले. निवडलेला आराखडा आज पेप १३ मध्ये आहे : पाच जणांचे मंडळ, एका मालकाचे दोनांहून अधिक नोकर नकोत, दोन-तृतीयांश मतांनी अविश्वास, आणि अधिकार होता होईतो वापरू नयेत अशी ताकीद. गद्य संयमी आहे, बहुधा पोळल्यानंतरचे आहे. पण मतदार आहेत ते भाषा घडवणारेच. ती वापरणाऱ्या रयतेला इथेही मत नाही.

या मंडळाची कसोटी २०२३ मध्ये लागली. पायथनच्या पोटात एक कुलूप आहे, त्यामुळे एका वेळी एकच धागा चालतो. ते काढून टाकण्याचा पेप ७०३ मंडळाने स्वीकारला, पण अटींवर : बदल टप्प्याटप्प्याने येईल, आधी प्रायोगिक, आणि फार मोडतोड होते असे दिसले तर माघार घेतली जाईल. तिसऱ्या आवृत्तीची पुनरावृत्ती नको, हेही मंडळाने उघड सांगितले. खिदोंच्या हुकमात माघारीची अशी वाट आधी लिहिलेली नव्हती. कारभार म्हणून ही प्रगती निर्विवाद आहे. मात्र कुलूप काढण्याची मागणी करणारे बलवान आहेत, दारात उभे आहेत, त्यांचा आवाज मंडळाला ऐकू येतो.

ज्यांचा येत नाही त्यांचे एक उदाहरण माझ्या रोजच्या कामातले. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘नमस्ते’ हे चलाचे नाव म्हणून चालते. पण यातली सगळी चिन्हे अक्षरे आहेत का असे विचारले, तर ती नाही म्हणते, कारण मात्रा आणि पायमोड यांना ती अक्षर मानत नाही. मजकुरातून शब्द वेचण्याचे तिचे अंगभूत साधन वापरले, की ‘नमस्ते’चे दोन तुकडे हाती येतात : ‘नमस’ आणि ‘त’. बाहेरची वेगळी लायब्ररी घेतली की काम भागते, मीही तेच करतो. अंगभूत साधन दुरुस्त करायचे तर अनेकांचे चालते प्रोग्रॅम पुन्हा निमूट बदलतील.