माळेगावची जत्रा आणि लावणीमहोत्सव

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची जत्रा भरते. घोडे-गाढवांचा बाजार, वाघ्या-मुरळीची गीते आणि तमाशाचे फड ही तिची जुनी अंगे होत. १९६२ साली अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदेने पुढे तीत लावणीमहोत्सवाची भर घातली. यामुळे लावणीला सार्वजनिक प्रतिष्ठा लाभली, हे मान्य केले पाहिजे. परंतु या उपक्रमाच्या घडणीतच एक मूलगामी उणीव आहे.

तमाशा हा गण, गौळण, बतावणी, लावणी व वग यांनी क्रमाक्रमाने चढत जाणारा एकसंध प्रयोग होय. महोत्सव त्यातील एकच अंग उचलतो. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा आणि राजा-प्रधानाच्या आडून होणारी समाजाची झाडाझडती ही मंचाबाहेर राहतात. जमैकातील स्का संगीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमधील नृत्यमेळ्यांतून आकारास आले. नाचणारा श्रोता हाच तेथे परीक्षक होता. फडाचेही तसेच आहे. तिकीट काढून तंबूत बसलेला शेतकरी पहाटेपर्यंत जागतो, तो वगाचा शेवट पाहण्यासाठी.

म्हणून केवळ गर्दी हे महोत्सवाच्या यशाचे माप ठरू शकत नाही. एक रात्र एका फडास संपूर्ण प्रयोगासाठी देणे संयोजकांना अशक्य नाही. राजाश्रय अंशाला आणि उपेक्षा समग्राला, अशी वाटणी कायम राहिली तर उत्सव वाढेल. कला मात्र खुडली जाईल.